समोर कोणी बसलेलं असताना कोड कसा लिहावा

घरी आरामात सुटणारा कोडिंगचा प्रश्न नोकरीच्या इंटरव्ह्यूत सुटत नाही, हे सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत जाऊन आलेली इंदूरची किती मुलंमुली सांगतात, आणि घरचे लगेच म्हणतात अभ्यास कमी पडला. नेहमी तसं नसतं हो. 2020 साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 48 विद्यार्थ्यांकडून बोर्डावर कोड लिहून घेतला, अर्धे एकटे, अर्ध्यांच्या समोर बघणारा माणूस, आणि नुसतं कोणी बघतंय म्हणून कामगिरी निम्म्याहून जास्त घसरली. म्हणून सराव कोणी बघत असतानाचाच करायचा.

सुरुवात घरातून करा. वही घ्या आणि समोर कोणालाही बसवा, कोडिंग नाही आलं तरी चालेल, आत्या भाजी निवडत बसली तरी पुरे. डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलत सोडवायचं, आधी मराठीत, जमायला लागलं की इंग्लिशमध्ये. मग कोड येणारा एखादा मित्र बसवा आणि त्याला मुद्दाम मधेमधे टोकायला सांगा.

आता प्रश्न आल्यावर काय करायचं. समजा यादीतले कोणते दोन आकडे मिळून 50 होतात ते शोधायचंय. आधी प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, आकडे निगेटिव्ह असतील का, तोच आकडा दोनदा आला तर काय. मग चार-पाच आकड्यांचं उदाहरण लिहा. मग सरळ साधा उपाय बोला, दोन लूप, प्रत्येक जोडी तपासायची. 10,000 आकडे असले तर जोड्या जवळपास 5 कोटी होतात, हे तुम्हीच सांगा, मग हॅश मॅपवर या, म्हणजे बघितलेले आकडे साठवून हवा तो झटकन शोधून देणारी नोंद, प्रत्येक आकड्याला 50 पूर्ण करणारा जोडीदार आधी येऊन गेलाय का बघायचं, एकाच फेरीत काम होतं. साधा उपाय आधी बोलायला लाजू नका, माझ्या मते हीच सगळ्यात कामाची सवय आहे, कारण पुढे अडकलात तरी हातात काहीतरी असतं.

डोकं बंद पडलं तर सरळ म्हणा, एक मिनिट शांतपणे विचार करू का. बहुतेक जण हो म्हणतात.

इंटरव्ह्यू झाला की त्याच संध्याकाळी विचारलेले प्रश्न लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी विसरायला होतं.

आणि रिजेक्शननी किंवा नोकरीतल्या डेडलाइननी झोपच उडाली असेल तर घरी बोला, तेही जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही लागतो.