सॉफ्टवेअर व्हेरिफिकेशनमध्ये पीएचडी: फॉर्मच्या आधी एक फंक्शन तपासा

नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरातून कॉम्प्युटरची पदवी घेतली की पीएचडीची चर्चा बहुधा ‘पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) कधी निघणार’ इथून सुरू होते. या विषयात मात्र उलट्या टोकाने निघावं लागतं: आधी हातात थोडं काम, मग गाइड, मग संस्था आणि फॉर्म सगळ्यात शेवटी. या क्षेत्रातले गाइड मार्कांच्या पलीकडे एकच गोष्ट शोधतात. समोरच्याला प्रोग्रामबद्दल नेमका युक्तिवाद करता येतो का?

टेस्टिंगमध्ये निवडक इनपुट देऊन प्रोग्राम चालवतात. व्हेरिफिकेशनमध्ये तो कुठल्याच इनपुटला चुकणार नाही हे गणिताने दाखवतात. १९९६ मध्ये एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत फुटलं, कारण ६४ बिटी आकडा १६ बिटी पूर्णांकात मावला नाही. सुरक्षेच्या बाजूचं चित्रही तसंच आहे. आपण दुरुस्त करतो त्या सुरक्षात्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी सेफ्टीच्या, म्हणजे मेमरी चुकीच्या पद्धतीने वापरल्यामुळे होणाऱ्या, असतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं.

पहिला प्रयोग घरच्या लॅपटॉपवर होतो. उबंटूवर सीबीएमसी हे सी प्रोग्राम तपासणारं मोफत टूल टाका आणि सी भाषेत बायनरी सर्च लिहा. मधला इंडेक्स काढताना मुद्दाम लो आणि हाय, म्हणजे शोधाच्या पट्ट्याची दोन टोकं, यांची बेरीज करून दोनाने भागा. नेमकी ही चूक जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत अनेक वर्षं होती आणि २००६ मध्ये ती चव्हाट्यावर आली. आता अ‍ॅरेचा आकार १० ठेवून तपासलंत तर टूल ‘सगळं ठीक’ म्हणेल, आणि ते खोटंही नाही. ३२ बिटी पूर्णांकात ही बेरीज ओव्हरफ्लो व्हायला, म्हणजे न मावायला, अ‍ॅरेत १०७ कोटींहून जास्त घटक लागतात. म्हणून आकार मोकळा सोडा, अ‍ॅरे काढून टाका आणि तुलनेच्या जागी कुठलंही उत्तर येऊ शकेल असा बूलियन ठेवा. आता साइन्ड ओव्हरफ्लोची तपासणी चालू करून लूप तीन फेऱ्यांपर्यंत उलगडा. दुसऱ्याच फेरीत चूक सापडते. टूलच्या जुन्या आवृत्त्यांत आणखी एक सापळा आहे. अनवाइंडिंग असर्शन, म्हणजे लूप पुरता उलगडला का ही तपासणी, स्वतःहून चालू केलं नाही, तर तीन फेऱ्यांपलीकडचं काहीच न तपासता टूल हिरवा कंदील दाखवतं. काय तपासलं आणि काय तपासलंच नाही, याची अर्ध्या पानाची टिपण लिहून ठेवा. पुढे ईमेलमध्ये, अर्जात आणि मुलाखतीत तीच कामाला येते.

मग फाटा निवडा. बटण दाबल्यावर उत्तर देणारी टूल्स बांधायची असतील तर मॉडेल चेकिंग (प्रोग्रामच्या सगळ्या शक्य अवस्था आपोआप तपासणं) आणि एसएमटी सॉल्व्हर (तार्किक सूत्रं सोडवणारी टूल्स). त्यासाठी झेड-३ हा सॉल्व्हर हाताळायला शिका. पूर्ण सिद्धता स्वतः लिहायची असेल तर रॉक, लीन किंवा इझाबेल, म्हणजे सिद्धता लिहून तपासून घ्यायची टूल्स. रॉकचं जुनं नाव कॉक, त्यामुळे जुने पेपर त्या नावाने शोधावे लागतात. २००९ मध्ये सिद्ध झालेलं एसईएल-४ हे ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल आणि कॉम्पसर्ट हा सी कंपायलर ही या वाटेवरची मोठी कामं. तिसरा फाटा भाषांच्या सुरक्षेचा: रस्ट भाषेतला अनसेफ (कंपायलरच्या सुरक्षा-तपासण्यांतून सूट घेतलेला) कोड, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबअसेंब्लीचं सँडबॉक्सिंग (कोड बंदिस्त जागेत चालवणं), गुप्त किल्लीनुसार वेळ बदलू न देणारा क्रिप्टो कोड. तिन्हींत एकदम रस आहे असं अर्जात लिहिलंत, तर एकाही गाइडला ते आपल्यासाठी लिहिलंय असं वाटत नाही.

कॅव्ह, पॉपल, पीएलडीआय, टाकास या परिषदांमधला गेल्या दोन वर्षांतला एक पेपर घ्या. त्याचं आर्टिफॅक्ट, म्हणजे सोबत दिलेला कोड आणि डेटा, उतरवून चालवा. बऱ्याचदा मेमरी कमी पडते. ८ जीबी रॅम असेल तर बेंचमार्कचा छोटा भागच चालवा. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांतले पेपर अर्जात दाखवू नयेत. आपल्याकडे त्यांनी बायोडाटा जाड करायची रीत पडली आहे. या क्षेत्रात त्याने अर्ज हलका होतो.

देशात आयआयटी मुंबई, बेंगळुरूची आयआयएससी, चेन्नईतली सीएमआय आणि आयएमएससी, मुंबईची टीआयएफआर इथे या विषयाचे गट आहेत. पुण्यात टीसीएस रिसर्चमध्ये व्हेरिअ‍ॅब्स नावाचं टूल तयार झालं. एसव्ही-कॉम्प या जागतिक स्पर्धेत ते उतरत आलं आहे, म्हणून टीसीएस रिसर्चमधली इंटर्नशिप मिळाली तर सोडू नये. आयआयटीसाठी मुख्य दार गेटचं: ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, स्कोअर तीन वर्षं चालतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. राज्यात नोंदणी असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर डोळा ठेवा.

परदेशी पीएचडी म्हटलं की घरात शेत गहाण ठेवायची भाषा सुरू होते. त्याची गरज नसते. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरीच असते आणि जाहिराती वर्षभर निघतात. जर्मनीत झारब्र्युकन आणि कायझर्सलाउटर्नला मॅक्स प्लांकची सॉफ्टवेअर सिस्टिम्सची संस्था आहे. तिथे बीटेकनंतर थेटही घेतात. अमेरिकेत अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात आणि फी माफ होऊन स्टायपेंड मिळतो. जिथे स्वतःची फी भरा म्हणतात, ती जागा सोडून द्या.

गाइडला ईमेल १५० ते २०० शब्दांचाच. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टेड’ असा साचा शंभर जणांना गेलेला असतो आणि तो वाचताक्षणी ओळखू येतो. त्यांच्या अमुक पेपरचं आर्टिफॅक्ट चालवलं, अमुक ठिकाणी टूल अडलं, कारण बहुधा हे असावं, एवढं लिहा आणि कोडची लिंक द्या. दोन आठवडे थांबा. मग एकदाच आठवण करा.

कागदपत्रं ऑगस्टपासूनच हलवा. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मिळायला वेळ जातो. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तो आधीच निस्तरा. शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. सर ‘तूच लिहून आण’ म्हणाले, तर त्याऐवजी आपल्या प्रोजेक्टचे मुद्दे एका कागदावर नेऊन द्या. पत्र त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ द्या, जीमेलवरून आलेल्या पत्राची शंका घेतली जाते.

मुलाखतीत तीच टिपण पुढे ठेवा. बायनरी सर्चचा लूप इन्व्हेरियंट, म्हणजे प्रत्येक फेरीत खरं राहणारं विधान, सांगा, म्हणतील. उत्तर: शोधलेला घटक अ‍ॅरेत असेल तर तो लो आणि हाय यांच्या मध्येच आहे. लगेच पुढचा प्रश्न येतो, लूप थांबतो कशावरून? हाय आणि लो यांतलं अंतर प्रत्येक फेरीत घटतं हे दाखवावं लागतं. लोला मधल्या इंडेक्सच्या पुढचा आकडा न देता मधलाच दिला असेल, तर दोन घटक उरल्यावर लो जागचा हलत नाही आणि सिद्धता नेमकी तिथे अडते.