गोव्यातून भेटी न्यायच्या तर काय आणि कशा घ्यायच्या

'शेवटच्या दिवशी विमानतळावर जाता जाता उरकून घ्या' असं सांगणारे लोक खूप भेटतात. त्यांचं ऐकू नका. टॅक्सीवाला आपणहून ज्या दुकानासमोर गाडी उभी करतो, तिथे बहुतेक वेळा त्याचं कमिशन तुमच्या बिलात धरलेलं असतं आणि घाईत असलेलं गिऱ्हाईक काही तपासत नाही. एक सकाळ फक्त खरेदीसाठी ठेवा. शुक्रवार असेल तर म्हापसा, नाहीतर पणजी किंवा मडगावचं मार्केट. दहाच्या आत पोचा.

किनाऱ्यावरच्या बाजारांचं थोडक्यात सांगते. हणजूणचा (अंजुना) बुधवारचा बाजार आणि हडफड्याचा (आर्पोरा) शनिवार रात्रीचा बाजार हिवाळी हंगामात भरतात. फिरायला मजा येते, भावही भरपूर पाडता येतो. पण तिथल्या आरशाच्या पिशव्या, पश्मिना म्हणून विकल्या जाणाऱ्या शाली, खड्यांच्या माळा यांतलं बहुतेक सगळं राजस्थान, काश्मीर नि कर्नाटकातून येतं. स्वतःसाठी खुशाल घ्या. आत्याच्या हातात 'गोव्याहून आणलंय' म्हणून ठेवू नका. प्रवाळ आणि मोठे शंख तर कुणी फुकट दिले तरी घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आता काजू. नव्वद टक्के पाहुणे काजूच नेतात आणि सगळ्यात जास्त फसवणूकही त्यातच होते. हे नीट कळायला मलाही बरीच वर्षं लागली, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे गोव्यात विकला जाणारा प्रत्येक काजू गोव्याचा नसतो. इथल्या कारखान्यांना पुरेल एवढी बी इथे पिकत नाही, त्यामुळे आफ्रिकेतून कच्ची बी येते, इथे फोडली जाते, सोलली जाते आणि पाकिटात भरली जाते. त्या पाकिटावर कारखान्याचा पत्ता गोव्याचाच असतो आणि तो खराही असतो. म्हणजे पत्ता बघून बागेचा काही पत्ता लागत नाही. दुकानदाराला थेट विचारा: 'बियो खंयच्यो?' (बिया कुठल्या?) सत्तरीच्या, डिचोलीच्या, काणकोणच्या, असं गावतालुक्यासकट उत्तर आलं तर पुढे बोला. 'सगळा गोव्याचाच माल' एवढंच ऐकू आलं तर पुढचं दुकान गाठा. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते चिन्ह पाकिटावर असेल तर उत्तम.

दुसरी गोष्ट आकाराची. टपोरा काजू म्हणजे चांगला काजू, हा समज डोक्यातून काढून टाका. पाकिटावर डब्ल्यू १८०, २४०, ३२० असे आकडे असतात. साधारण एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे काजू बसतात तो हा आकडा. आकडा लहान, काजू मोठा, भाव चढा. त्याचा चवीशी काडीचा संबंध नाही. गावठी काजू दिसायला लहानमोठा, थोडा वाकडातिकडाच असतो आणि चावल्यावर मागाहून गोडी येते. घरी खायला नेत असाल तर पाकळी घ्या. बी तीच, भाव कमी, आणि भाजीत नि शिऱ्यात अख्खा काजू टाकून तुम्ही कुणाला दाखवणार आहात?

तिसरी गोष्ट, चाखल्याशिवाय घेऊ नका. एक काजू मागा आणि आधी बोटांनी मोडा. कटकन तुटला पाहिजे. वाकला, मऊ लागला तर दमट हवेने त्याचं काम केलेलं आहे, पावसाळ्यात हे फार होतं. मग नाकाशी न्या. खवट वास किंचितही आला तर पाकीट परत. सालीसकट भाजलेले काजू घेत असाल तर साल बोटाने चोळून बघा, नीट भाजलेल्याची ती पापुद्र्यासारखी सुटते. काजूवर कुठे कुठे तपकिरी डाग असतील तर घाबरू नका, ते भाजण्याचे आहेत. काळपट, बारीक भोकं पडलेला मात्र नको.

आणि मसाल्याचे काजू! मिरी, लसूण, चीज, पेरीपेरी. मी ते कधीच घेत नाही आणि कुणाला घेऊ देत नाही. मसाल्याखाली जुना माल सहज खपतो आणि वासावरून काही ओळखता येत नाही. साधे किंवा फक्त मीठ लावलेले घ्या. 'एका किलोवर एक किलो फुकट' अशी पाटी दिसली की रस्ता बदला. बी गोळा करण्यापासून साल काढण्यापर्यंत जे कष्ट लागतात त्यात कुणाला किलोभर काजू फुकट देणं परवडत नाही. भाव माहीत नसेल तर आधी गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या दुकानात जाऊन तिथला भाव बघा, तो मनात धरून मग बाजारात फिरा. काजूचा हंगाम मार्च ते मे, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्यांना ताजा माल मिळतो. इतरांनी पाकीटबंद करण्याची तारीख वाचावी.

बाकीचं सोपं आहे. म्हापशाच्या बाजारात जमिनीवर टोपली मांडून बसलेल्या बायकांकडून सोलं (आमसुलं), माडाचा गूळ आणि काणकोणच्या खोल्याची मिरची घ्या. तिला २०२० मध्ये मानांकन मिळालं, रंग सुरेख येतो. या बायकांशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. खाजे घ्या, बेसन, गूळ आणि आल्याचं, डब्यात चांगलं टिकतं. बिबिंका ही थरांची मिठाई नेताना घरचं कोण काय खातं ते आठवा, त्यात अंड्यांचा बलक असतो. शाकाहारी घरी दोदोल किंवा दोस ही मिठाई न्या. वस्तूच हवी असेल तर कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं रंगीत लाकूडकाम किंवा लाल चौकड्यांची कुणबी साडी, दोन्ही सरकारी हस्तकला दालनांत विचारा.

आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या आंबट रसाच्या, बाटल्या गळतात. दुकानात बसवलेल्या झाकणावर भरवसा न ठेवता झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळा, दोन पिशव्यांत बांधा आणि बाटली उभी ठेवा. विमानाने जाणाऱ्यांनी ती केबिनच्या बॅगेत ठेवू नये.

फेणीचं काय, हे प्रत्येक जण विचारतो. 'एका बाटलीला कोण विचारतं' हा सल्ला देणारा महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर तुमच्यासोबत उभा नसतो. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. फेणी इथेच प्या. न्यायचीच असेल तर आधी परवान्याचं विचारा, मग बाटली घ्या.