टीव्ही घ्यायला जाताय? आधी पोकरचे चार डाव खेळून घ्या

आपल्याकडे पत्ते म्हटलं की दिवाळीतली तीन पत्ती नाहीतर रमी, पण हल्ली कॉलेज रोडला कॅफेत बसलेली पोरंपण फ्लॉप, रिव्हर, ऑल-इन असलं पोकर या पत्त्यांच्या खेळातलं काहीतरी बोलत असतात. हे खूळ जगभर वाढलं ते २००३ पासून. ख्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच आहे) नावाचा अमेरिकेतल्या टेनेसीचा अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या मोठ्या स्पर्धेला पोचला आणि थेट २५ लाख डॉलर जिंकला, मग प्रत्येकालाच वाटायला लागलं की आपणपण खेळू शकतो. त्याच सुमारास टेबलात बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यांमुळे झाकलेले पत्ते टीव्हीवर दिसायला लागले, म्हणून ज्यांना खेळता येत नव्हतं तेसुद्धा बघत बसले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या गेम्सवर बंदी आली, त्यामुळे अ‍ॅपचा नाद सोडा, प्लास्टिकच्या चिप्स आणा आणि घरीच पैसे न लावता खेळा. मला त्यातून जे मिळालं ते टीव्ही घेताना एमजी रोडच्या दुकानांत आणि मोठ्या शोरूम्समध्ये कामाला येतंय, तेच सांगतो.

मुद्दा एकच आहे, दुकानात तुमचे पत्ते सेल्समनला दिसत असतात आणि त्याचे तुम्हाला नाही. तो पहिलाच प्रश्न विचारतो, "सर, बजेट किती आहे?" तुम्ही बोलून गेलात "पन्नास हजारांपर्यंत" की संपलं, बेचाळीस हजारांचा टीव्ही तो दाखवणारच नाही. पोकरमध्ये जो सगळ्यांच्या शेवटी बोलतो त्याचा फायदा असतो, कारण बाकीच्यांनी काय केलं ते त्याला कळलेलं असतं. म्हणून आकडा आधी त्याच्या तोंडून येऊ द्या. बजेट विचारलं तर साइज सांगा, "५५ इंच बघतोय, काय काय आहे दाखवा."

तुमच्याकडे आणखी तीन पत्ते आहेत: जुना टीव्ही एक्सचेंजला द्यायचाय, अमुक बँकेचं क्रेडिट कार्ड आहे, आणि घाई आहे की नाही. तिन्ही एकदम टाकले तर सेल्समन सगळं एका हिशोबात मिसळतो, एक्सचेंजचे दोन हजार जास्त दाखवतो आणि किमतीत तेवढेच कमी सोडतो, मग नक्की कशात किती सुटलं ते कळतच नाही. तर आधी विचारायचं, "दादा, एक्सचेंज नाही, ईएमआय नाही, फायनल किती?" तो आकडा त्याच्यासमोर मोबाइलमध्ये टाइप करायचा, आणि मग एक्सचेंज काढायचं, कार्डची ऑफर सगळ्यात शेवटी. घाई आहे हे तर बोलायचंच नाही. वास्तुशांत रविवारी आहे हे बायको-पोरांनीसुद्धा दुकानात बोलायचं नाही, आणि "पप्पा हाच घेऊ ना" म्हणणारं कार्टं घरीच ठेवलेलं बरं 😀

दुकानाचे ब्लफ, म्हणजे खोटा आव, ओळखायचे असतील तर एमआरपीपासून सुरू करा. "एमआरपीवर ४० टक्के ऑफ" याला काही अर्थ नाही कारण टीव्ही एमआरपीला सहसा कोणी विकतच नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर आणि एसीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोणी जुन्या एमआरपीवरून डिस्काउंट काढून दाखवत असेल तर त्यातला एक भाग सरकारने दिलाय, दुकानाने नाही. मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट, कारण बऱ्याच कंपन्या ऑनलाइनला एक आणि दुकानात दुसरं मॉडेल ठेवतात म्हणजे किंमत जुळवताच येऊ नये. दुसरा ब्लफ भिंतीवरच लागलेला असतो. डिस्प्लेचा टीव्ही बहुतेक वेळा व्हिव्हिड (भडक रंगांच्या) मोडवर, कंपनीचाच चकचकीत व्हिडिओ लावून ठेवलेला असतो. रिमोट मागा, पिक्चर मोड स्टँडर्ड करा आणि एखादी साधी मराठी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा, त्वचेचा रंग आणि खाली पळणारी पट्टी बघा, पट्टीची अक्षरं फाटल्यासारखी तर दिसत नाहीत ना ते पण बघा. आणि १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतं असा) स्टिकर असला तरी पॅनल साधं ६० हर्ट्झचंच असू शकतं.

एक्स्टेंडेड वॉरंटीला पॉट ऑड्सचा (किती लावायचे आणि त्यातून किती मिळू शकतात, याचा) हिशोब लावा. समजा वॉरंटी ४,००० ला देतायत आणि दुरुस्ती लागलीच तर १५,००० जाणार, तर टीव्ही त्या काळात बिघडायची शक्यता साधारण २७ टक्क्यांच्या वर असेल तरच ती परवडते. आणि पोरांनी बॉल मारून स्क्रीन फोडली तर ते अशा वॉरंटीत सहसा धरतच नाहीत, आधी विचारून घ्या. नो-कॉस्ट ईएमआयचंही तसंच, व्याज डिस्काउंट म्हणून वळतं करतात पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी, वर रोखीत जे सुटलं असतं ते गेलंच.

आता फोल्ड, म्हणजे डाव सोडून देणं. चांगला खेळणारा बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून देतो, आपल्याला मात्र दोन तास दुकानात घालवले, चहा प्यायलो, आता नाही कसं म्हणायचं असं होतं. बिनधास्त म्हणा, "ठीक आहे भाऊ, एक-दोन ठिकाणी बघून येतो." एमजी रोडला पार्किंगची बोंब असते म्हणून माणूस पहिल्याच दुकानात उरकून टाकतो, तर गाडी लांब लावा नाहीतर रिक्षाने जा, म्हणजे उठून जायला जड जात नाही. गुढीपाडवा आणि दसऱ्याला बँकांच्या ऑफर असतात पण बोलायला कोणाला वेळ नसतो. बार्गेनिंग करायचं तर महिन्याच्या शेवटच्या दिवसांत, मधल्या वारी, दुपारी जा, टार्गेट राहिलेलं असेल तर मॅनेजर स्वतः उठून येतो.

डिस्प्ले पीस स्वस्तात देत असतील तर पांढरा, काळा, लाल असे पूर्ण स्क्रीनचे रंग लावून डाग आणि मेलेले पिक्सेल बघा आणि वॉरंटी आजच्या बिलाच्या तारखेपासून सुरू होणार का ते बिलावरच लिहून घ्या. "बिल नको असेल तर अजून कमी करतो" याला सरळ नाही म्हणा, पुढे वॉरंटी मागायला तुमच्याकडे कागदच नसतो. पक्क्या बिलावर सीरियल नंबर असतो, तो खोक्यावरच्या नंबरशी जुळवा, आणि डिलिव्हरी आली की कंपनीचा माणूस येईपर्यंत खोकं उघडू नका. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन करताना बिल हातात ठेवा.