गिटार बारीक, घूंघूं मोठी

नाशकात सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करायला बसलो, तर सूर बारीक आणि घूंघूं जोरात. व्हॉल्यूम वाढवला की दोन्ही वाढायचं.

गिटारच्या केबलला पिन बदलणारा कन्व्हर्टर लावून ती लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये जोडली होती. गोम तिथेच. पॅसिव्ह पिकअपला (तारांची कंपनं टिपणारं, बॅटरीशिवाय चालणारं गिटारवरचं कॉइल) साधारण १ मेगाओहम रोधाचा इनपुट लागतो. माइक जॅक असतो जेमतेम काही किलोओहमचा. सिग्नल तिथेच दबतो, ट्रेबल, म्हणजे आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग, तर पार उडते. सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतला, त्यावरचं ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलं आणि गिटार गिटारसारखी वाजली. हे बटण न दाबता इंटरफेसला नावं ठेवणारे बरेच भेटतात! गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, एवढाच ठेवला की जोरात वाजवल्यावर मीटर -१२ डीबीच्या आसपास जाईल.

घूंघूं मात्र उरलीच. तारांना हात लावला की कमी व्हायची, चार्जर काढून बॅटरीवर वाजवलं की जवळजवळ गायब. वायरमनने बोर्ड उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर नुसतीच लोंबकळत होती. ती जोडल्यावर चार्जर लावूनही आवाज स्वच्छ येतो. माझ्या गिटारचा पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा, त्याची थोडी गुणगुण राहते. मॉनिटरपासून जरा तिरकं बसलं की तीही कमी होते.