चेतकचं इंजिन घरी उघडताय? केसिंगच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही!

जुन्या २-स्ट्रोक बजाज चेतक स्कूटरचं इंजिन उघडायचं म्हटलं की प्रत्येक जण सांगतो, "काय नाय रे, चार नट सोडायचे." ते चार नट हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे. हेड उघडणं म्हणजे इंजिन उघडणं नव्हे, ते तर कुठलाही पोऱ्या दहा मिनिटांत करतो. खरी भानगड खाली आहे, दोन केसिंग (इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचाचे दोन अर्धे भाग) एकमेकांपासून सोडवायची आणि परत जोडायची त्यात, आणि नेमकं त्याबद्दल कोणी धड सांगत नाही. मी मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमधे बसून आठ-नऊ इंजिनं बांधलीत, त्यातलं पहिलं मीच मारलं, म्हणून लिहितोय. (हे फक्त २-स्ट्रोकबद्दल. नंतर आलेल्या ४-स्ट्रोक चेतकचं इंजिन वेगळं.)

इंजिन खाली उतरवणं सोपं आहे. क्लच, गिअर, ब्रेकच्या केबली, पेट्रोल पाइप, वायरी, शॉकअपचा बोल्ट, मग इंजिन बॉडीला धरणारा लांब मोठा बोल्ट. तो गंजून बसलेला असणारच, मुंबईच्या चार पावसाळ्यांत काय सुटं राहतं? आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.

मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाचा) नट सोडताना आधी सैल होतो आणि मग परत जड लागतो, तिथे घाबरून थांबू नका, मॅग्नेटला सर्क्लिप (नटाच्या वरची गोल क्लिप) असेल तर तो नटच पुलरचं, म्हणजे मॅग्नेट खेचून काढायच्या हत्याराचं, काम करतो, फिरवत राहा. सर्क्लिप नसेल तर पुलर आणा, हातोड्याने मॅग्नेट ठोकायचं नाही. आतली पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणारी) प्लेट काढण्याआधी प्लेट आणि केसिंग दोन्हीवर मिळून एक रेघ मारा, नाहीतर टायमिंग शोधत बसाल. क्लचच्या खाचांच्या नटाला त्याचा स्पेशल पाना मिळतो. छिन्नीने तो नट फिरवणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका आणि तुम्हीपण तसला माणूस होऊ नका.

पिस्टन काढताना केसिंगच्या तोंडात फडकं कोंबा. गजन पिनचं (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनचं) लॉक उडून आत पडलं की अख्खा दिवस गेला.

आता केसिंग. सगळे नट काढले, नीट मोजले, तरी दोन भाग सुटत नाहीत, मधल्या जोडातलं वर्षानुवर्षांचं पॅकिंग चिकटलेलं असतं. इथेच माझं चुकलं. फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला, जरा पिळला, टक्कन सुटलं, मला वाटलं जमलं की! ॲल्युमिनियमवर केसाएवढा एक ओरखडा आला होता, पॅकिंग बसलं की भागेल म्हणून तसंच बांधलं. गाडी मस्त सुरू झाली, फक्त आयडल खाली येईना, ॲक्सिलेटर सोडला तरी बोंबलत राहायची. मी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत बसलो दोन आठवडे. मग एका रविवारी ऐरोली पुलावर मागचं चाक जाम झालं. क्लच वेळेत दाबला म्हणून हे लिहायला आहे. त्या ओरखड्यातून हवा आत जात होती, हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी आणि पेट्रोलमधूनच येणारं ऑइलही कमी, पिस्टन तापून सिलिंडरला धरला. पिस्टन गेला, सिलिंडर गेला, कारण काय तर एक स्क्रू ड्रायव्हर.

म्हणून फटीत काहीही घालायचं नाही, पातळ सुरीसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या हातोड्याने कडेकडेने टकटक करत फिरायचं, जिथे जाड उंचवटे आहेत तिथेच. बेअरिंगच्या जागेभोवती हीट गनने गरम करायचं, किती ते पाण्याच्या थेंबाने बघा, थालीपीठ लावायच्या आधी तव्यावर शिंपडतो तसं, चुर्र झालं की पुरे. पाऊण तास लागला तर लागू दे. अजिबात हलत नसेल तर कुठेतरी एक नट राहिलाय, परत मोजा.

आत गिअर क्रॉस (गिअर पकडणारा फुलीच्या आकाराचा तुकडा) बघा, त्याच्या कडा गोल झाल्या असतील तर बदलाच, गाडी गिअर सोडते ती बहुतेक वेळा त्यामुळेच. क्रँकच्या बाजूचा जो गुळगुळीत वक्र भाग कार्बोरेटरचं भोक उघडतो-बंद करतो त्याला एमरी पेपर लावायचा नाही, नुसतं फडक्याने पुसा. बेअरिंग आणि ऑइल सील मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जुने हातात घेऊन जाऊन आणा, सीलची नुसती साइज जुळून भागत नाही, आतल्या कडेचा रबरी ओठ कुठल्या बाजूला तेही बघा. आणि सिलिंडर बोअर करायला देताना टर्नरच्या हातात नवा पिस्टन द्या, पिस्टन मागून आणतो म्हणाल तर फसाल.

जोडताना नव्या बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत घालून फ्रीजरमधे, केसिंग गरम, की जवळजवळ आपोआप बसतात. (आमच्याकडे त्या बोंबलांच्या शेजारी होत्या, त्यावर घरी झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.) सीलच्या ओठाला ऑइल लावा, सुका सील क्रँकवर ढकलला की ओठ आत दुमडतो आणि बाहेरून काहीही दिसत नाही. पॅकिंग कागदाचंच वापरा, लाल सिलिकॉन थापणारे थापोत, साधं सिलिकॉन पेट्रोलमधे सुटतं आणि तुकडे आत फिरतात. दोन्ही भाग हाताने आणि हलक्या टकटकीने मिटले पाहिजेत. शेवटची फट मिटत नाही म्हणून नट आवळून खेचलंत तर केसिंग तडकेल. किकचा गिअर किंवा त्याची स्प्रिंग अडकली असेल, उघडा आणि परत बसवा. प्रत्येक दोन नटांनंतर क्रँक हाताने फिरवून बघा, जड झाली की थांबा.

बाकी उलट्या क्रमाने. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, पिस्टन रिंगांची तोंडं खोबणीतल्या पिनांवर, हेडचे नट तिरके-तिरके, पॉइंटचा गॅप ०.४ मिमीच्या आसपास, गिअर ऑइल ३० ग्रेड, पेट्रोलच्या लिटरला २० मिली २टी (२-स्ट्रोकचं) ऑइल.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं धूर येणारच, बांधताना लावलेलं ऑइल जळतं. वॉचमन येईल, येऊ दे. धूर आठवडाभर पांढराच राहिला आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचकडचा सील. आयडल आपोआप चढत असेल तर मॅग्नेटकडचा सील किंवा केसिंगचा जोड, आणि मग कार्बोरेटरला हात न लावता गाडी तिथेच बंद करा.