पायी आणि सायकलने जाणाऱ्यांची वाट सुकर करणाऱ्यांचा गावसन्मान कसा करावा

गावात रस्ता झाला की उद्घाटन करणाऱ्याचे नाव कोनशिलेवर येते. त्याच रस्त्याच्या खचलेल्या कडेला दोन ट्रॉल्या मुरूम टाकून सायकल उतरवण्याजोगी साइडपट्टी करून देणाऱ्याचे नाव मात्र कुठेही लिहिले जात नाही. अशी माणसे विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक गावात असतात आणि आपण काही सार्वजनिक काम करतो आहोत असे बहुधा त्यांना स्वतःलाही वाटत नसते. त्यांना शोधून गावाच्या वतीने त्यांचा रीतसर सन्मान कसा करावा, हे ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, महिला बचतगट किंवा युवक मंडळ यांना उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडले आहे.

शहरांना अशा कामाबद्दल बाहेरून दाद मिळण्याची सोय आहे. केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानाने २०२० मध्ये सायकलस्नेही शहरांसाठी स्पर्धा सुरू केली आणि २०२१ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत नागपूरचा समावेश होता. अमेरिकेत तर १८८० साली स्थापन झालेली सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना अर्ज करणाऱ्या गावाशहरांना ब्राँझपासून डायमंडपर्यंतच्या श्रेणीत मान्यता देते. आर्वी किंवा दारव्हा तालुक्यातल्या लहान गावाला या शहरी स्पर्धांचा उपयोग नाही. तशी त्याची गरजही नाही, कारण गावाच्या वतीने कोणाचा गौरव करावा हे ठरवायला ग्रामसभा पुरेशी आहे आणि त्यासाठी मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.

कोणते काम पात्र धरावे

आधी गावात पायी आणि सायकलने कोण जाते, याचा विचार करावा. महाराष्ट्राच्या शिक्षणहक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलाने रोज ३ किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे नियमातच गृहीत धरलेले आहे. पुढच्या शिक्षणासाठी अंतर वाढते. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अर्थसाहाय्य मिळते, पण ती सायकल ज्या रस्त्याने न्यायची त्याची जबाबदारी त्या योजनेत येत नाही. याशिवाय निंदणाला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, फाट्यावर एसटी गाठणारे म्हातारे, रेशन दुकानापर्यंत जाणारी अपंग माणसे, आणि गाडी नसल्यामुळे आठवडी बाजाराला चालत जाणारी कुटुंबे आहेत. या लोकांची रोजची अडचण ज्याच्यामुळे कमी झाली, तो सन्मानास पात्र.

अशी कामे बहुधा लहान असतात. पांदण रस्त्यावर, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर, आपल्या धुऱ्याची (बांधावरची) बाभूळ छाटल्यावर काट्यांच्या फांद्या वाटेवर न टाकता उचलून नेणारा शेतकरी यात येतो, कारण काळ्या मातीत रुतलेला एक काटा चार मुलींच्या ट्यूब पंक्चर करतो. पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग रस्त्याच्या कडेला न रचणारा, सोयाबीन वाळवायला डांबरी रस्ता न अडवणारा, पुराच्या दिवसांत रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असताना दोन्ही काठांवर दोर बांधून लोकांना थांबवणारा, शाळेच्या वाटेवर कडुनिंब किंवा करंज लावून तीन उन्हाळे त्यांना पाणी घालणारा, हे सगळे या यादीत बसतात. झाडे लावणे सोपे आहे. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ती जगवणे अवघड असते, म्हणून रोपाची दखल न घेता सावलीची घ्यावी. फाट्यावरचा सायकल दुरुस्तीवाला शाळकरी मुलांकडून हवा भरण्याचे पैसे घेत नसेल, तर त्याचे नाव अगदी वर असावे. पांदण मोकळी व्हावी म्हणून स्वतःच्या जमिनीची पट्टी सोडणारा शेतकरी हा या सगळ्यांत मोठा दाता आहे, परंतु त्याच्या बाबतीत मोजणी झाली आहे आणि संमती लेखी आहे याची खात्री करूनच पुढे जावे. ज्याने आधी अतिक्रमण केले आणि तहसीलदारांच्या आदेशानंतर ते काढले, त्याचा सत्कार करणे म्हणजे आदेशाचीच थट्टा होईल.

चांगल्या हेतूने केलेले प्रत्येक काम पात्र ठरत नाही. गावकऱ्यांनी रात्रीतून उभारलेला माती-सिमेंटचा उंचवटा हे याचे ठळक उदाहरण आहे. शाळेसमोर गाड्यांचा वेग कमी व्हावा ही इच्छा रास्त असली, तरी अशा टोकदार उंचवट्यावर सायकल उसळते आणि मागे बसलेले मूल पडते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी केवळ १० सेंटिमीटर उंच, गोलसर उताराचा असतो. त्यावर ठळक पट्टे रंगवायचे असतात आणि त्याची आगाऊ सूचना देणारा फलक लावायचा असतो. ज्याने जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मागे लागून असा गतिरोधक करवून घेतला, त्याचे नाव विचारात घ्यावे. घमेले घेऊन रात्री निघालेल्यांचे घेऊ नये.

पदावर असलेले सरपंच व सदस्य यांना या सन्मानातून वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यापैकी कोणी उत्तम काम केले असेलही, पण एकदा ती वाट उघडली की दुसऱ्या वर्षापासून सायकल दुरुस्तीवाल्याचे नाव यादीत येणे बंद होते.

नावे कोणाकडून घ्यावीत

सूचनापेटी ठेवून किंवा दवंडी देऊन नावे मागवली तर ज्यांचे कार्यकर्ते आहेत त्यांचीच नावे येतात. त्यापेक्षा चालणाऱ्यांना चालतानाच विचारावे. या सन्मानासाठी नेमलेल्या समितीतल्या दोघांनी, ज्यांत एक तरी बाई असावी, शाळेच्या वेळी मुलींबरोबर, सकाळी मजूर बायांबरोबर आणि बाजाराच्या दिवशी फाट्यापर्यंत चालत जावे आणि सगळ्यांना क्रमाने तेच प्रश्न विचारावेत. सायकलवरून कुठे उतरावे लागते, किंवा चालताना कुठे रस्त्याच्या मधोमध यावे लागते? अशी कोणती जागा आहे की जिथे मागच्या वर्षी अडचण होती आणि आता नाही? ती कोणामुळे गेली?

पहिल्या प्रश्नाने शिल्लक अडचणींची यादी तयार होते, दुसऱ्याने जागा कळते आणि तिसऱ्याने नाव. मुलींना थेट ‘सन्मान कोणाला द्यावा’ असे विचारले, तर त्या मुख्याध्यापकांचे नाव सांगतात. जागेपासून सुरुवात केली की खरी नावे निघतात. उत्तरे त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहून काढावीत. त्याच फेरीत फाट्याजवळ उभे राहून सकाळच्या तासाभरात किती जण पायी आणि किती सायकलने गेले, याची मोजणी करून ठेवली तर ती पुढे कामी येते. मोजणी एका साध्या दिवशी आणि एका बाजाराच्या दिवशी करावी. वेचणीच्या हंगामातला आकडा वेगळा असतो, म्हणून हंगामही नोंदवावा.

पडताळणी ज्या त्या ऋतूत

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झाले तेव्हापासून तपासणी समिती येणार म्हणून आदल्या दिवशी चुना मारण्याची कला आपल्याकडे चांगली विकसित झाली आहे. या सन्मानासाठी पूर्वसूचना देऊन पाहणी करू नये. शिवाय पाहणीचा काळ कामानुसार बदलावा लागतो: सावली मे महिन्यात दुपारी पाहावी, साइडपट्टी आणि पांदण जुलै-ऑगस्टच्या पावसात चिखल चाकाला कसा धरतो ते पाहून ठरवावी, आणि पऱ्हाटीचे ढीग व सुडी (कापलेल्या पिकाची रास) यांची पाहणी वेचणी आटोपल्यावर करावी. जानेवारीत कोरड्या रस्त्यावर फिरून पांदणीचा निकाल देणाऱ्या समितीवर कोणीही विश्वास ठेवणार नाही. पाहणीला किमान एकाने तरी सायकल चालवत जावे. मोटारसायकलवरून दहा सेंटिमीटरची कडा जाणवत नाही.

नावाविरुद्ध कोणाची हरकत असेल तर ती ऐकून घ्यावी, विशेषतः धुऱ्याच्या वादात, जिथे एकाची सोय ही शेजाऱ्याची तक्रार असू शकते.

ग्रामसभेत निर्णय

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. नावे प्रथम तेथे वाचावीत. पायी चालणाऱ्यांत बाया अधिक असल्यामुळे खरी छाननी तेथेच होते. त्यानंतर ग्रामसभेत गणपूर्ती, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती उपस्थिती, पूर्ण झाल्यावर विषय घ्यावा. तो विषयपत्रिकेत आधीच छापलेला असावा. ऐनवेळच्या विषयांत घुसवलेल्या सत्काराला वजन राहत नाही. हात वर करून मतदान घेण्यापेक्षा सर्वसहमतीचा प्रयत्न करावा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची आणि त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची पद्धत अनेक वर्षे चालवली आहे. गौरवासारख्या विषयात ती विशेष उपयोगी पडते, कारण एका मताने हरलेला माणूस त्यानंतर मुरूम टाकायला जात नाही.

ठराव मोघम असू नये. त्याचा नमुना असा धरता येईल: ‘मौजा ……… येथील श्री./श्रीमती ……… यांनी ……… फाटा ते शाळा या रस्त्याच्या ……… जवळील सुमारे ……… मीटर लांबीच्या खचलेल्या कडेला स्वखर्चाने मुरूम टाकून ती दोन पावसाळे टिकवली, त्यामुळे शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलींना तेथे उतरावे लागत नाही, याची समितीने दि. ……… रोजी पाहणी केली असून ग्रामसभा त्यांच्या या कार्याची नोंद घेऊन त्यांचा सन्मान करण्याचे ठरवते.’ जागा, काम, लाभ आणि पाहणीची तारीख या चार गोष्टी आल्या की ‘समाजकार्यात मोलाचे योगदान’ असे शब्द लिहिण्याची गरज उरत नाही.

सन्मान प्रत्यक्षात

२६ जानेवारीचा दिवस यासाठी सर्वांत सोयीचा आहे: शाळा भरलेली असते, हवा थंड असते आणि ध्वजवंदनाला गाव जमलेले असते. ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून पाळला जातो, पण तेव्हा विदर्भातल्या शाळा उघडलेल्या नसतात आणि शेतकरी पेरणीच्या तयारीत असतो. सन्मानपत्र त्या वाटेने सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींपैकी एकीने मोठ्याने वाचावे, म्हणजे ठरावातला तपशील सगळ्यांच्या कानावर जाईल. पाहुण्यांची भाषणे टाळता आली तर उत्तम. शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण सुती दुपट्टा उन्हाळ्यात रोज वापरला जातो. दुरुस्तीवाल्याला पायाने दाबायचा हवेचा चांगला पंप आणि झाडे जगवणाऱ्याला नळीची गुंडाळी दिली, तर सन्मानही होतो आणि कामही पुढे चालते. रोख रक्कम देऊ नये. त्यामुळे पुढच्या वर्षी अर्ज वाढतात आणि कामे वाढत नाहीत. खर्च स्वनिधीतून करायचा असल्यास मासिक सभेची मंजुरी आधी घ्यावी, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल तर कार्यक्रम पुढे ढकलावा.

शाळा, दुकान, दूध संकलन केंद्र यांसारख्या ठिकाणांचा विचार वेगळा करावा लागतो. सायकली लावायला सावलीतली जागा, पिण्याचे पाणी आणि हवेचा पंप ठेवणाऱ्या ठिकाणाला ‘पादचारी व सायकलस्वार सुविधा स्थान’ अशी पाटी देता येईल. मात्र तिच्यावर मुदत लिहिलेली असावी. वर उल्लेख केलेली अमेरिकेतली मान्यताही ४ वर्षांनी नव्याने मिळवावी लागते. आपल्याकडे २ वर्षे पुरेशी आहेत, कारण पंपाचा वॉशर त्याहून आधीच जातो. मुदत संपल्यावर पाहणीत सोय आढळली नाही, तर कोणतीही चर्चा न करता पाटी उतरवावी.

फेऱ्यांत पहिल्या प्रश्नातून तयार झालेली अडचणींची यादी मात्र २६ जानेवारीपर्यंत राखून ठेवू नये. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून मोजणीच्या आकड्यांसह ती यादी त्या वेळच्या ग्रामसभेत मांडून कामे आराखड्यात घालून घ्यावीत; ग्रामपंचायतीच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यांची कामे ठरावासह पंचायत समितीकडे पाठवावीत आणि पोच घ्यावी. एखाद्या वर्षी पडताळणीत एकही नाव टिकले नाही, तर ‘या वर्षी सन्मान नाही’ असा ठराव घ्यावा आणि ध्वजवंदनानंतर त्या अडचणींपैकी कोणत्या सुटल्या व कोणत्या कोणाकडे प्रलंबित आहेत, एवढे वाचून दाखवावे.