रोजचं चून, पाहुण्यांची पाटोडी

भाच्याला मूर्तिजापुरात नोकरी लागली, त्यानं खोली केली, मेसचं जेवण आवडेना म्हणून गॅसही घेतला. दुसऱ्याच दिवशी फोन. "मावशी, पाटोडीचा रस्सा कसा करते व?" मी म्हटलं, "लेका, आधी चून येते का तुले?" तर म्हणतो, "चून काय, कोणालेही येते!" (चून म्हणजे पुण्याकडचं पिठलं, आणि पाटोडी म्हणजे त्याच्याच घट्ट वड्या, रश्शाबरोबर खायच्या.) रात्री त्यानं चुनाचा फोटो धाडला. कढईत इतक्या गोट्या होत्या की दोन पोरांचा डाव सहज झाला असता.

पहिल्या पगारात त्यानं अकरा मसाल्यांची पाकिटं आणली होती. एकेकातून एकदा चिमूटभर घेतलं, बाकी पावसाळ्यात दमट होऊन गेलं. म्हणून हे लिहून काढते आहे, त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या नव्यानं चूल मांडणाऱ्या पोरापोरींसाठी.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले, म्हणजे खारपाणपट्ट्यातले, जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागातले. कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर, ओल टिकली तर हरभरा. कापूस वेचणीच्या दिवसांत मी आठ वाजता वावरात असते. त्याआधी शेण-झाड, पाणी, डबे. चुलीपाशी मला मिळतो एक तास, फार तर सव्वा. त्या तासात चार माणसांचं दोन वेळचं निघतं, कारण माझा हिशेब ठरलेला आहे: एक भाकर, एक ओलं आणि एक झणझणीत. ओलं म्हणजे चून, वरण, कढी किंवा आंबाडीची भाजी. झणझणीत म्हणजे भुरका, ठेचा नाही तर जवसाची चटणी. कांदा असतोच. सकाळी उठून "आज काय करू" हा विचार करायचा नाही, ओल्यापैकी काय एवढंच ठरवायचं.

आता चून. दोन माणसांना एक वाटी बेसन आणि तीन वाट्या पाणी, हे पातळ चून, भाकर चुरून खायचं. कोरडं हवं असेल तर पाणी निम्म्यावर आणा. कढईत दोन पळ्या तेल घ्या. इथे तेल वाचवायला जाऊ नका, कमी तेलाचं चून घशाखाली उतरत नाही. मोहरी, जिरं तडतडलं की आठ-दहा पाकळ्या लसूण ठेचून टाका. लसणाची कड लाल झाली की उभा चिरलेला कांदा, चार हिरव्या मिरच्या. कांदा मऊ झाला की हळद, मीठ, आणि मग पाणी.

पाणी खळखळ उकळू द्या. भाच्यानं इथंच घाई केली. कोमट पाण्यात त्यानं वाटीभर पीठ एकदम उलटं केलं. असं पीठ पडलं की गोळ्याचं वरचं अंग भिजून शिजतं, आत कोरडं पीठ तसंच अडकतं, आणि ती गुठळी मग कितीही ढवळा फुटत नाही. माझी आई डाव्या हाताच्या बोटांतून पीठ पेरायची आणि उजव्या हातानं उलथनं फिरवत राहायची, ते बघून शिकायला मला दोन वर्षं लागली. नवख्यानं तसं करू नये. तीनपैकी एक वाटी पाणी आधीच बाजूला काढा, त्या थंड पाण्यात बेसन हातानं कालवून घ्या, घरात ताक असेल तर पाण्याऐवजी ताक, आणि ते उकळत्या पाण्यात धार धरून ओता. दुसऱ्या हातानं ढवळणं चालू ठेवा. एकही गुठळी होत नाही.

मग आच बारीक करून झाकण ठेवा, सात-आठ मिनिटं. मधून दोनदा ढवळा. चून शिजलं हे कानाला कळतं. आधी नुसतं खदखदतं, मग पच् पच् असा जाड आवाज येतो, बुडबुडा फुटला की तिथं खळगा राहतो आणि कडेला तेल दिसायला लागतं. बेसनाचा कच्चा वास गेलेला असतो. हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच उतरवा, ताटात पडेपर्यंत ते घट्ट होतंच. वरून बारीक चिरलेला सांबार. (बाहेरच्या कोणी वाचत असेल तर, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाच्याची पुण्याची मैत्रीण दुकानात सांबार मसाला मागायला गेली होती.)

एक सांगून टाकते. चून-भाकरीचं हल्ली फार कौतुक चालतं. मी ते करणार नाही. माझ्या आईच्या घरी चून आठवड्यातून पाच दिवस असायचं, कारण भाजी विकत आणायला पैसा नसायचा आणि हरभरा घरचा होता. "चून-भाकर खाऊन दिवस काढले" हे आमच्याकडे अजूनही अभिमानानं कमी आणि दुःखानं जास्त बोललं जातं. मी चून करते ते वेळ वाचतो म्हणून, पोट भरतं म्हणून, आणि आता ते मला चांगलं जमतं म्हणून.

भाकरीचं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गार पाण्यात मळली की थापताना कडा फाटतात. पाणी चटका बसेल इतकं गरम घ्या. एका भाकरीपुरतंच पीठ घ्या, सगळं एकदम मळून ठेवू नका. तळहातानं रगडा, गोळा बोटाला चिकटायचा थांबेपर्यंत रगडा. पीठ दळून दहा-बारा दिवसांच्या वर गेलं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते, मग कितीही रगडा, भाकर तुटते. अशा पिठाची थोडी उकड घ्यायची: उकळत्या पाण्यात मूठभर पीठ घालून ढवळायचं, झाकायचं आणि ते उरलेल्या पिठात मिसळून मळायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण पुरतं वाळलं नाही, तेव्हाच उलटा. उशीर झाला की वर भेगा पडतात आणि मग भाकर फुगत नाही. दुसरी बाजू शेकली की सरळ जाळावर. किलोभर पिठाच्या माझ्या दहा-बारा भाकरी होतात. भाच्याच्या पहिल्या किलोत सहा झाल्या आणि त्यातल्या दोन भारताच्या नकाशासारख्या. चालतं.

ज्वारी मात्र आता आम्ही विकत आणतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरातल्या हॉटेलांत भाकर महाग झाली. आमच्या वावरात ज्वारी उभी करायची तर दिवसा पाखरं आणि रात्री रानडुकरं, राखणीला माणूस कुठून आणू?

वरणाला आमच्या भागात पाणी बघावं लागतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत, जमिनीतलं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ लवकर शिजतच नाही. एका दिवाळीला नणंद सहकुटुंब आलेली, नळाला पाणी नाही, मी हापशीच्या पाण्यात तूर डाळ लावली. चार शिट्ट्या झाल्या, डाळ खड्यासारखी. आणखी पाच, तरी तशीच. मग घाबरून चमचाभर खायचा सोडा टाकला. डाळीचा चिखल झाला, आणि साबणासारखी चव. म्हशीपुढे ठेवली, तिनंही तोंड फिरवलं. तेव्हापासून गोड्या पाण्याचा एक गुंड (हंडा) फक्त डाळीसाठी झाकून ठेवते. डाळ रात्रीच भिजत घाला. टमाटर, चिंच, जे काही आंबट असेल ते डाळ शिजल्यावर, आधी टाकलं तर तीच गत. ज्याच्या नळाला गोडं पाणी येतं त्यानं हा परिच्छेद विसरून जावा.

भुरक्याला दोन मिनिटं. लहान कढईत पळीभर तेल, जिरं, ठेचलेला लसूण, मूठभर शेंगदाण्याचा जाडसर कूट. लसूण लाल झाला की गॅस बंद करा, तीसपर्यंत आकडे मोजा आणि मग लाल तिखट आणि मीठ टाका. गॅसवर असताना तिखट टाकलं की ते काळं पडतं, कडू होतं आणि घरभर ठसका. बाटलीत भरून ठेवा, आठवडा जातो.

आंबाडी मिळाली तर सोडू नका. पानं उकडून पाणी पिळून टाका, नाही तर आंबटपणा दातांना झोंबतो. मूठभर तूर डाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात घोटा, वर लसणाची चुरचुरीत फोडणी. भाकरीवर वाढून त्यावर कच्चं तेल घ्यायचं. हे मी रोज खाऊ शकते. आमचे हे शकत नाहीत.

आता भाच्याची पाटोडी. मला ती करायला मनापासून आवडते, हेही सांगते. पावसाची झड लागली, वावरात जाता येत नाही, पाहुणे आले किंवा लेक माहेरी आली, तर मी दोन तास आनंदानं घालवते. वेचणीच्या दिवशी मात्र कोणी मागितली तर उलथनं त्याच्या हाती देते. आणि रोडग्याच्या जेवणाला बघा, एरवी पाण्याचा पेला हातात द्यावा लागतो ती पुरुष माणसं वावरात गोवऱ्यांच्या आहारात (निखाऱ्यांत) रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजतात, वांग्याची भाजी ढवळतात, मीठ चाखतात, एकमेकांना शहाणपण शिकवतात. वर्षातून एकदा मोठा स्वयंपाक करणं सोपं असतं, भांडी घासायला आम्ही असतोच.

पाटोडी म्हणजे घट्ट चूनच आहे. म्हणून मी भाच्याला आधी चून शिकवलं. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी. फोडणी तीच, कांदा मात्र नको, कापताना तुकडे सुटतात. तिखट, मीठ, ओवा. बेसन कालवून ओतल्यावर न थांबता ढवळायचं, गोळा कढईची कड सोडेपर्यंत. झाकून दोन वाफा. ताटाला तेल लावून ठेवलेलं असावं, गोळा गरम असतानाच ओल्या हातानं बोटभर जाड थापायचा. वर किसलेलं खोबरं, सांबार, खसखस, हातानं दाबून. गार झाल्यावरच शंकरपाळ्यासारखं कापा. गरम कापलं की सुरीला चिकटतं.

रश्शाला अर्धी वाटी सुकं खोबरं आणि एक कांदा जाळावर काळसर भाजा. चमचाभर धणे, चमचाभर खसखस, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा कोरडे भाजा. सगळं लसूण-आल्याबरोबर बारीक वाटा, पाट्यावर नाही तर मिक्सरमध्ये, मला फरक कळतो पण कंबरही कळते. तीन पळ्या तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता, दहा मिनिटं तरी. हळद, तिखट, मग गरम पाणी. गार पाणी टाकलं की तर्री येत नाही. पंधरा मिनिटं उकळा. पाटोड्या रश्शात आधी टाकून ठेवू नका, विरघळून परत चून होतं. ताटात पाटोडी ठेवायची, वरून रस्सा.

गेल्या महिन्यात मी भाच्याच्या खोलीवर गेले होते. त्यानं कोरडं चून केलं, दोघांचं जेवण झालं, आणि उरलेलं थाळीत थापून ठेवलं. रात्री त्याच्याच वड्या कापल्या. कांदा असल्यामुळे चार-सहा फुटल्या, रस्सा जरा पांचट होता, पण त्यानं कोणाला फोन केला नाही.

एक राहिलं. चुनाच्या कढईच्या तळाशी जी पिवळी-तपकिरी खरवड लागते, ती घासणीनं काढू नका. कढई उतरवल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, ती आपोआप सुटते. उलथन्याच्या टोकानं सोलून काढा आणि कोणाच्या ताटात जाणार ते जेवण वाढायच्या आधीच ठरवा. आमच्याकडे तिच्यावरून भांडणं झालेली आहेत.